गोळीचा वेग बरोबर आहे, पण तुकडी कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वास्तवदर्शी म्हणून गाजलेला एक मिलिटरी शूटर (युद्धाचा, बंदुकीनं लढायचा व्हिडिओ गेम) घेतला. ग्राफिक्स आणि बंदुका उत्तम, पण प्रत्येक फेरी सारखीच संपते: बराच वेळ धावायचं, शत्रू दिसत नाही, कुठूनतरी गोळी येते आणि स्क्रीन काळी होते. स्क्वॉडमध्ये, म्हणजे आपल्या तुकडीत, कुणी तोंड उघडत नाही. काही संध्याकाळी अशा गेल्यावर विचारणाऱ्याला वाटू लागलंय की एकतर आपल्याला खेळता येत नाही, नाहीतर हा सगळा प्रकारच फसवा आहे. चूक नक्की कुणाची?

मी ऑपरेशन फ्लॅशपॉइंटच्या काळापासून, म्हणजे २००१ पासून, या प्रकारचे गेम खेळतोय. बरीच वर्षं स्क्वॉड लीडर म्हणून खेळलोय, नव्या खेळाडूंना तयार करतो आणि आर्मा ३ या लष्करी गेममध्ये आमच्या गटासाठी मोहिमा बांधतो. तुमच्यासारखी निराशा घेऊन आलेले लोक मी सतत पाहतो आणि त्यातले बरेचसे गेम सोडून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यांना जे खेळायला मिळालं ते या प्रकाराचं अर्धंमुर्धं रूप असतं. तुमच्या तक्रारीतला काही भाग पडद्याच्या मर्यादेचा आहे, थोडा नेटवर्कचा आहे आणि सगळ्यात मोठा भाग गेम बनवताना घेतलेल्या एका निर्णयाचा आहे. तुमच्या कौशल्याचा भाग त्यात सर्वांत लहान.

आधी ‘शत्रू दिसत नाही’ हे घेऊ, कारण इथे नवा माणूस स्वतःला विनाकारण दोष देतो.

१.८ मीटर उंचीचा माणूस ३०० मीटरवर उभा असेल तर तो तुमच्या डोळ्यांसमोर साधारण एक तृतीयांश अंश एवढी जागा व्यापतो. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपू शकतो. म्हणजे प्रत्यक्षात त्या माणसाच्या उंचीत डोळ्याला वीसेक वेगवेगळे ठिपके ओळखता येतील. तो उभा आहे की वाकलाय, हातात लांब काही आहे का, हे कळेल. आता तेच गेममध्ये पाहू. १९२० पिक्सेल रुंदीचा मॉनिटर आणि आडवा फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याचा कोन) ९० अंश असेल, तर ३०० मीटरवरचा तोच माणूस पडद्यावर जेमतेम ६ पिक्सेल उंच असतो. भिंतीवरून फक्त डोकं काढलं असेल तर ते एक पिक्सेलही भरत नाही. २४ इंची मॉनिटर हातभर अंतरावर ठेवून पाहिलं तर तो माणूस प्रत्यक्षात दिसला असता त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसतो, कारण ९० अंशांचं दृश्य जेमतेम ५० अंशांच्या काचेत कोंबलेलं असतं.

म्हणून आर्मामध्ये उजवं बटण दाबून धरलं की दृश्य थोडं जवळ येतं. पुष्कळ लोकांना ही सवलत वाटते आणि ते ‘खऱ्या सैनिकाच्या डोळ्यांना झूम असतो का’ असं विचारतात. हिशोब उलटा आहे. दृश्य ६० अंशांपर्यंत आवळलं की तो ६ पिक्सेलचा माणूस १० पिक्सेलचा होतो, आणि तरीही तो खऱ्यापेक्षा लहानच असतो. पडद्यानं जे काढून घेतलं त्यातलं थोडंसं परत दिलं जातं, एवढंच. तुमच्या गेममध्ये अशी सोय असेल तर ती सतत वापरा. चालताना, थांबल्यावर, प्रत्येक झुडपाकडे बघताना.

सेटिंगमध्येही एक मोठी अडचण लपलेली असते. आजकालचे बहुतेक गेम कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेम मिसळून चित्र तयार करतात. स्थिर देखावा त्यानं सुंदर दिसतो. पण पाच-सहा पिक्सेलचा हलणारा माणूस त्यात विरघळतो. त्यात भर म्हणून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) वाढवायला अपस्केलिंग लावलं, की गेम मुळात कमी रिझोल्यूशनवर काढला जातो आणि लांबचा माणूस आणखी लहान होऊन तीन-चार पिक्सेलवर येतो. म्हणून माझा सल्ला असा: रिझोल्यूशन पूर्ण ठेवा, अपस्केलिंग परवडत असेल तर बंद करा, सावल्या आणि इतर सजावट कमी करून फ्रेम रेट मिळवा, आणि मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट करणारी सेटिंग) पहिल्याच दिवशी काढून टाका. गवताबाबत मात्र तुम्ही फार काही करू शकत नाही. तुमच्या पायाशी असलेलं दाट गवत दूरवर काढलंच जात नाही. त्यामुळे ‘मी गवतात लपलोय’ असं तुम्हाला वाटतं, पण २०० मीटरवरच्या माणसाला तुम्ही उघड्या जमिनीवर पडलेले दिसू शकता. आडोसा घ्यायचा तर दगड, भिंत किंवा जमिनीचा उंचवटा बघा.

आता ‘आवाजही आला नाही आणि मेलो’. हे मात्र गेमनं बरोबर केलंय, आणि ते समजलं की राग कमी होतो. ५.५६ मिमीची नेहमीची गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरपेक्षा जास्त वेगानं निघते. हवेत वेग कमी होत गेला तरी ३०० मीटर जायला तिला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे बंदुकीचा बार तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ ०.९ सेकंद. गोळी आवाजाच्या बरंच आधी पोहोचते. डोक्याला लागली तर बार तुम्हाला ऐकूच येत नाही, कारण गेम तोवर तुमचा आवाज बंद करून टाकतो.

नेम चुकला तर मात्र दोन आवाज येतात. आधी कानाजवळ कडाडणारा ‘टप्प’, तो गोळीच्या हवेवरच्या धडकेचा. मग थोड्या वेळानं दूरवरचा ‘धप्प’, तो बंदुकीचा. पहिल्या आवाजावरून शत्रूची दिशा काढू नका, तो फसवतो. दुसरा आवाज ज्या बाजूनं आला तिकडे बंदूक आहे. आणि या दोन आवाजांमधलं अंतर जितकं जास्त, तितका शत्रू लांब. अर्ध्या सेकंदाचं अंतर म्हणजे साधारण ३०० मीटर. आर्मा आणि स्क्वॉड (हे एका गेमचंही नाव आहे) या गेममध्ये हे व्यवस्थित ऐकू येतं. नव्या खेळाडूची पहिली प्रतिक्रिया असते पहिल्या आवाजाकडे वळून बंदूक उचलण्याची. त्याऐवजी आडवे व्हा, दुसरा आवाज ऐका, मग ठरवा. चांगल्या हेडफोनवर पैसे घालवायचे की ग्राफिक्स कार्डावर, असा प्रश्न कुणी विचारला तर या प्रकारच्या गेमसाठी मी हेडफोनच सांगतो.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. भिंतीआड पोहोचल्यावर मेल्यासारखं वाटतं, कारण समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावरच असता. तुमचं पिंग (सर्व्हरपर्यंत माहिती जाऊन यायला लागणारा वेळ), त्याचं पिंग आणि हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी गेमनं मुद्दाम राखून ठेवलेला उशीर मिळून सहज ०.२ सेकंद होतात. सेकंदाला ५ मीटर धावणारा माणूस तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेला असतो. जवळचा सर्व्हर निवडा; यापलीकडे यावर फार विचार करण्यात अर्थ नाही.

इथवर सांगितलेलं सगळं सुधारलं तरी तुमची मुख्य निराशा जाणार नाही. ती वेगळ्या ठिकाणाहून येते आणि मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

वास्तवदर्शी म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणारं असतं. बंदुकीवरचे ओरखडे, मॅगझिन बदलण्याची हालचाल, गोळीचं खाली येणं, चिखल, धूर. ट्रेलरमध्ये हेच दाखवता येतं. आणि हे जमलंही आहे: आर्मा ३ मधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतक्या वेळा पसरवली गेली की २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हला खोट्या चित्रफिती कशा ओळखाव्यात यावर जाहीर निवेदन काढावं लागलं. पण बघणाऱ्याला खरं वाटणं आणि खेळणाऱ्याला खरं वाटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खेळणाऱ्याच्या हातात निर्णय असतात. कुठून जायचं, कुणी आधी जायचं, आता गोळीबार करायचा की गप्प राहायचं, जखमीला ओढायला जायचं की धूर सोडून वाट बघायची. हे निर्णय एकट्याचे नसतात. ते एका साखळीत घेतले जातात आणि ती साखळी नसेल तर उरते ती धावाधाव.

सैन्यांना हे फार आधी कळलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकन मरीन कोअरनं डूम २ या शूटर गेममध्ये बदल करून मरीन डूम तयार केलं. डूममध्ये वर-खाली नेम धरण्याची सोयसुद्धा नव्हती. गोळीचं भौतिकशास्त्र वगैरे तर दूरच. तरीही त्यांनी ते घेतलं, कारण त्यांना चार जणांच्या फायर टीमचा सराव हवा होता: एक म्होरक्या, एक ऑटोमॅटिक रायफलवाला, दोन रायफलमॅन. एकमेकांना झाकत पुढे कसं जायचं, म्होरक्या पडला तर पुढे काय, हे तिथे शिकवता येत होतं. पुढे ऑपरेशन फ्लॅशपॉइंटच्याच तंत्रातून व्हीबीएस हे प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर निघालं आणि अनेक देशांच्या सैन्यांनी ते वापरलं. तेही नेमबाजी शिकवण्यासाठी घेतलेलं नव्हतं, त्यासाठी रेंज असते. ताफा कसा न्यायचा, रेडिओवर काय बोलायचं, गोंधळात हुकूम कसे द्यायचे, यासाठी घेतलं होतं. ज्यांचं पोट लढाईवर आहे त्यांनी संगणकाकडून वास्तवाचा कोणता तुकडा मागितला, हे इथे स्पष्ट दिसतं.

अमेरिकन सैन्यानं स्वतः काढलेला अमेरिकाज आर्मी हा २००२ चा गेम या बाबतीत मला आजही आवडतो. तो भरतीच्या प्रचारासाठी होता आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती. पण त्याच्या रचनेत एक शिस्त होती. मेडिक (जखमींना सांभाळणारा सैनिक) व्हायचं तर गेममध्येच वर्गात बसून प्रथमोपचाराचा धडा ऐकावा लागे आणि परीक्षा पास व्हावं लागे. आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या तर थेट कोठडीत रवानगी होई. म्हणजे भूमिका घेणं याला वजन होतं. आज मेडिकचं चित्र दाबलं की तुम्ही मेडिक. तुम्हाला ते काम येतं का, करायचंय का, हे कुणी विचारत नाही.

बॅटलफील्ड २ हा गेम २००५ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्यावर प्रोजेक्ट रिॲलिटी हा मॉड (खेळाडूंनीच मूळ गेम बदलून केलेली आवृत्ती) सुरू झाला. त्याच परंपरेतून पुढे स्क्वॉड हा स्वतंत्र गेम आला. २०१५ च्या शेवटी अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला) आणि २०२० मध्ये पूर्ण रूपात. त्यात ५० विरुद्ध ५० खेळतात, पण तुमचं जग असतं नऊ जणांच्या स्क्वॉडचं. हेल लेट लूज २०१९ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणि २०२१ मध्ये पूर्ण आला. तिथेही ५० विरुद्ध ५०. दोन्हीकडे गोळी लागली की नाही हे दाखवणारी खूण पडद्यावर येत नाही. दोन्हीकडे स्क्वॉड लीडरना आपापसात बोलायला वेगळी वाहिनी आहे. आणि दोन्हीकडे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बंदूक नसून रिस्पॉनची, म्हणजे मेल्यावर पुन्हा मैदानात उतरण्याची, जागा आहे.

तुम्ही लिहिलंय की बराच वेळ धावावं लागतं. ते धावणं हा आजार नाही, लक्षण आहे. हेल लेट लूजमध्ये पुढची गॅरिसन, म्हणजे रिस्पॉनचा तळ, कुणीतरी बांधावी लागते. स्क्वॉडमध्ये स्क्वॉड लीडरनं रेडिओ लावायचा, त्याच्याजवळ रिस्पॉनचं ठिकाण मांडायचं आणि बाकीच्यांनी फावड्यानं ते उभारायचं, तेव्हा कुठे लोक मैदानाजवळ उतरतात. हे कुणी केलं नाही तर सगळे मागच्या मुख्य तळावरून निघतात. सामान लादलेला खेळाडू सेकंदाला साडेचार मीटर धावला तरी किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटं लागतात, आणि दम लागतो तो वेगळाच. म्हणजे ‘हा गेम म्हणजे नुसतं धावणं’ असं जेव्हा वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा खरी बातमी ही असते की तुमच्या बाजूला त्या फेरीत कुणी पुढारपण घेतलेलं नाही. नवा खेळाडू मात्र ते गेमच्या खात्यावर मांडतो, कारण त्याला हे सांगणारं कुणी नसतं.

इथे गेम बनवणाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओच्या गेमची मी आतुरतेनं वाट पाहत होतो. नाव घेत नाही. बंद चाचणीत तो फार चांगला होता. लीडर व्हायला पुढे यावं लागे, लीडर नसेल तर स्क्वॉड बनतच नसे, आणि कमांडरला प्रत्येक लीडरशी बोलून हवाई मारा ठरवावा लागे. आमच्या गटानं तो एकत्र घ्यायचा ठरवलं. बाजारात आला तेव्हा हे सगळं गुळगुळीत केलेलं होतं. लीडरशिवाय स्क्वॉड चालत होते. लीडर निघून गेला की गेम आपोआप पुढच्या माणसाला ते पद चिकटवत होता आणि त्या बिचाऱ्याला ते कळतही नसे. कमांडरला एक मेनू दिला होता, बोलण्याची गरजच नाही. शत्रू कुणी पाहिला की सगळ्यांच्या नकाशावर लाल खूण आपोआप उमटे, म्हणून कुणी कुणाला सांगेनासं झालं. यातला प्रत्येक बदल ‘नव्या लोकांना सोपं जावं’ म्हणून केलेला होता. बंदुका आधीपेक्षाही सुंदर झाल्या होत्या, गोळीचा मार्ग अचूक होता. आणि सर्व्हरवर शांतता. आमच्या गटातल्या अनेकांनी तो पुन्हा उघडला नाही.

मला त्या निराशेचं मूळ आजही तिथेच दिसतं. सोपं करण्याच्या नादात बोलण्याची कारणं काढून टाकली गेली. लोक लाजतात म्हणून बोलत नाहीत असं म्हणतात; माझा अनुभव असा की बोलल्यावाचून काम अडलं की लाजाळू माणूसही बोलतो. नकाशावर आपोआप खूण येत नसेल, जखमीला स्वतःहून हाक मारावी लागत असेल, गोळ्या संपल्यावर कुणाकडे तरी मागाव्या लागत असतील, तर पहिल्या अर्ध्या तासात माणसाचा आवाज मोकळा होतो. गेमनं ही गरज निर्माण केली नाही तर कितीही खरी दिसणारी बंदूक ती भरून काढू शकत नाही.

स्क्वॉड या गेमनं सप्टेंबर २०२३ मध्ये केलेला मोठा बदल याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं भिडतो. त्यांनी बंदुकीचं डोलणं वाढवलं, दम लागल्यावर नेम बिघडेल असं केलं, आणि जवळून गोळ्या गेल्या की दृष्टी धूसर होऊन हात थरथरू लागतील अशी व्यवस्था केली. एकट्यानं धावत जाऊन चारपाच जणांना मारणाऱ्या खेळाडूला आवर बसावा आणि लोकांनी एकमेकांवर अवलंबून राहावं, हा हेतू होता. खेळाडूंमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले. मी हेतूच्या बाजूनं आहे. पडद्यासमोर बसलेल्याला मरणाची भीती नसते, म्हणून मशीनगनच्या माऱ्याखाली डोकं खाली घालावं असं त्याला वाटत नाही. ती भीती काहीतरी कृत्रिम रीतीनं आणावीच लागते. नाहीतर मशीनगनचं खरं कामच गेममधून नाहीसं होतं, कारण ते माणसं मारण्यापेक्षा माणसांना खिळवून ठेवण्याचं आहे. पण शांतपणे बसून, बंदूक टेकवून, श्वास सावरलेल्या सैनिकाचा हात नवशिक्यासारखा डोलताना दाखवला की मला ते पटत नाही. प्रशिक्षित माणूस त्यापेक्षा स्थिर असतो. दडपण शत्रूच्या गोळीमुळे यावं. खेळाडूचा स्वतःच्या शरीरावरचा ताबाच काढून घेतला की त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं आणि शिकण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हा असा गेम निवडताना काय पाहावं? ट्रेलर पाहू नका. एखाद्या साध्या खेळाडूची न कापलेली, पूर्ण फेरीची चित्रफीत शोधा आणि डोळे मिटून ती ऐका. लोक काय बोलतात? दिशा, अंतर, संख्या सांगतात की फक्त शिव्या आणि उसासे ऐकू येतात? मग रिस्पॉन कशावर अवलंबून आहे ते बघा. कुणाच्या कामावर अवलंबून असेल तर गेममध्ये लोकांना एकमेकांची गरज आहे. लीडरशिवाय स्क्वॉड बनतो का ते बघा. गुण कशाचे मिळतात हेही महत्त्वाचं, कारण लोक शेवटी गुण मिळतात तेच करतात. तुमच्या वेळेला, तुमच्या जवळच्या सर्व्हरवर माणसं असतात का, हे तर पैसे देण्याआधीच तपासा. रिकाम्या सर्व्हरवर कोणताही मिल्सिम, म्हणजे असा वास्तवदर्शी लष्करी गेम, उभा राहत नाही.

आणि घेतलेला आहेच, तर एक संध्याकाळ मी सांगतो तशी खेळून पाहा. सर्व्हरच्या यादीत नव्यांचं स्वागत असं ज्याच्या नावात लिहिलंय किंवा ज्याच्या नियमांत लीडरकडे माइक हवाच असं सांगितलंय, असा सर्व्हर निवडा. स्क्वॉडमध्ये शिरल्यावर लगेच एक वाक्य बोला: ‘मी नवा आहे, मेडिक घेतोय, कुणाच्या मागे राहू?’ उत्तर आलं नाही तर त्या स्क्वॉडमधून लगेच निघा, दुसरा बघा. यात काही गैर नाही. मेडिक मुद्दाम सांगतोय. रायफल घेतलेला नवा माणूस शत्रू शोधत एकटा भटकतो. मेडिकला आपल्या माणसांजवळ राहावंच लागतं, तो कुठे उभं राहायचं हे आपोआप शिकतो, आणि ज्याला उठवलं तो नंतर त्याच्याशी बोलतो.

काही दिसलं तर ‘तिकडे आहे, तिकडे’ असं ओरडू नका, कारण तुमचं ‘तिकडे’ फक्त तुम्हालाच दिसतं. होकायंत्रावरचा आकडा वाचा: ‘२४० अंश, दीडशे मीटर, दोघं, पडक्या भिंतीमागे.’ बस. एवढं सांगून गप्प राहा, म्हणजे इतरांना ऐकू येईल. गोळी लागून पडल्यावर मात्र बोलणं थांबवू नका. जखमी होऊन पडला असाल तर कुठून गोळी आली ते सांगा आणि उठवायला येणाऱ्याला धूर सोडायला सांगा. मिनिटाला एकदा नकाशा उघडा. लीडर कुठे आहे, बाकीचे किती पसरलेत, पुढचा रिस्पॉन जिवंत आहे का. हे तीन प्रश्न मनात ठेवले तर महिन्याभरात तुम्ही स्वतः स्क्वॉड चालवू शकाल, आणि मला खात्री आहे की नेम साधारण असूनही लोक तुमच्या स्क्वॉडमध्ये यायला बघतील. आमच्याकडचे सगळ्यात चांगले लीडर मोजक्याच गोळ्या झाडतात.

हे करूनही मन रमलं नाही तर तो प्रकार तुमच्यासाठी नाही, आणि त्यातही काही बिघडत नाही. ज्यांना वाट पाहणं सोसत नाही पण बंदुकीचा धाक हवा असतो, त्यांना मी इन्सर्जन्सी: सँडस्टॉर्म सुचवतो, नकाशे लहान, लगेच चकमक, आणि संगणकाच्या शत्रूंविरुद्ध मित्रांबरोबर खेळण्याची सोय. अनोळखी माणसांशी बोलणं नकोच असेल तर आर्मा ३ चा मोहिमा बनवायचा एडिटर उघडा, एक गाव निवडा, तिथे शत्रूची तुकडी ठेवा आणि आपल्या सैनिकांना हुकूम देत ते घेऊन दाखवा. त्यातली संगणकाची माणसं कधी कधी दारात अडकून बसतात, पण योजना आखून ती फसताना पाहण्यात जे शिकायला मिळतं ते मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि तो घाईचा आहे. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळणं २ तासांपेक्षा कमी असताना परतावा मागता येतो. अशा गेममध्ये पहिला तास बटणं बसवण्यात आणि सेटिंग लावण्यात जातो, आणि गेम चालू ठेवून तुम्ही मेनूत बसलात तरी तो वेळ मोजला जातो. तुमच्या काही संध्याकाळी झाल्यात म्हणजे ती मुदत बहुधा गेलीच असेल; मग तो आत्ता काढून टाकण्यापेक्षा वर सांगितलेली ती मेडिकची संध्याकाळ खेळा. पुढच्या वेळी मात्र बटणांची मांडणी आणि प्रशिक्षणाच्या चित्रफिती गेम सुरू करण्याआधीच पाहून ठेवा, आणि ते दोन तास सरळ भरलेल्या सर्व्हरवर घालवा. गेमचं नाव आणि तुमचा मॉनिटर कळवलात तर फील्ड ऑफ व्ह्यूचा नेमका आकडा मी काढून देतो.